वायरचं दुसरं टोक

रविवारी सकाळी राही नागवेकर राखुंडी घेऊन मागल्या दारी आली, तर आंब्याच्या बुंध्याला एक म्हैस बांधलेली होती. नागवेकरांकडे म्हैस कधीच नव्हती. ही शेजारच्या सखारामची. तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका रत्नागिरीतली सगळी मांडवी ओळखत होती. तिच्यापुढे पेंढ्याचा भारा होता, बाजूला पाण्याचं घमेलं होतं, आणि वर माडाच्या झापांचं छप्परही केलेलं होतं. म्हणजे मुक्काम एका दिवसाचा नव्हता. म्हशीनं राहीकडे शांतपणे पाहिलं आणि रवंथ पुढे चालू केला.

येसूबाई, राहीची आई, चुलीवर पेज ढवळत होती. राहीनं विचारलं तेव्हा तिनं मान वर न करताच सांगितलं, "सखारामान पहाटेच आणून बांधलान. गोठा उतरवलान त्यानं. नवीन कौलं चढेपर्यंत इथं राहू दे म्हणतो. मी म्हटलं, राहीला विचारलंस काय? तर बोलला, परवा बंदरावर विचारलं, राहीबाय हसून होय म्हणाली."

"मी?"

"तू नायतर काय, मी जाते बंदरावर?"

राही राखुंडी बोटावर धरून तशीच उभी राहिली. परवा संध्याकाळी सखाराम भेटला होता खरा. त्याचे ओठ बराच वेळ हलत होते आणि एक हात वारंवार आकाशाकडे जात होता. पावसापाण्याचं काहीतरी बोलत असेल, असं समजून ती हसली होती आणि तिनं मान हलवली होती. त्याचा एक शब्दही तिच्या कानात गेला नव्हता. कारण तेव्हा तिच्या कानांवर हेडफोन होते.

हे हेडफोन तिच्या भावानं, सदूनं आणलेले. सदू परदेशी बोटीवर इंजिनाच्या खात्यात होता. गणपतीला रजेवर आला तेव्हा जपानातल्या कुठल्याशा बंदरातून त्यानं बहिणीसाठी ही वस्तू आणली होती. दागिन्याची असावी तशी पेटी, आत निळी मखमल, आणि मखमलीत निजलेल्या दोन काळ्याभोर गुळगुळीत करवंट्या. आतून लोण्यासारखी मऊ गादी आणि बाहेरून दोन्हीकडे रुपेरी इंग्रजी अक्षरं, 'सोराटोन'. सदू सांगत होता, बोटीवरच्या साहेबांनीसुद्धा परवानगी घेऊन हात लावून पाहिला. "ताई, दिवसभर तू लोकांचं ऐकतेस," तो म्हणाला, "आता जरा स्वतःचं काहीतरी ऐक."

राही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर होती. डोक्याला यंत्र चढवून बसायचं, हॅलो मुंबई, हॅलो कोल्हापूर करायचं, तुटलेली माणसं जोडायची आणि बोलणं संपलं की पुन्हा तोडायची. घरात वडील लवकर गेले, सदू लहान होता, म्हणून ती नोकरीला लागली. सदू मोठा होईपर्यंत तिच्या लग्नाचा विषय घरात हळूहळू मागे पडला आणि मग कुणाच्या तोंडी येईनासा झाला. राहीला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला शांतपणे बसावं लागतं आणि तेवढी शांतता तिला कधी मिळालीच नव्हती.

सदू बोटीवर परत गेल्यावर कळलं, की हेडफोनचा प्लग घरातल्या ट्रान्झिस्टरला बसत नाही. शेजारच्यांच्या टेपरेकॉर्डरलाही बसेना. प्लग चांगला करंगळीएवढा जाड होता. राहीनं तो हातात धरला आणि तिला हसू आलं. असले प्लग ती रोज बोर्डाच्या भोकांत खुपसत होती आणि उपसत होती. तिच्या माहितीत हा प्लग बसेल अशी जागा गावात एकच होती, आणि ड्यूटी संपल्यावर तिथं परत जायची तिला बिलकूल इच्छा नव्हती.

तरी पेटीत ठेवण्यापूर्वी, एकदा बघावं म्हणून, तिनं ते कानांवर चढवले.

बाहेरचं सगळं विझल्यासारखं झालं. आईचं खोकणं, सखारामच्या पोरांची भांडणं, रिक्षांचे हॉर्न, सगळं कुणीतरी रजई टाकून झाकावं तसं दूर गेलं. लहानपणी ती विहिरीत बुडी मारून तळाशी थांबायची तेव्हा असं वाटायचं. आणि मग त्या शांततेतून हळूच एक आवाज वर आला. दुरून भरती यावी तसा, संथ, एका लयीचा. तो तिच्याच रक्ताचा आवाज होता. राही पायरीवर बसली आणि दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

तेव्हापासून तिचा नेम झाला. ड्यूटी सुटली की फाटकाबाहेर यायचं, हेडफोन चढवायचे, वायर पदराखालून पर्समध्ये सोडायची आणि पर्सची चेन लावून टाकायची. मग मांडवीच्या बंदरापर्यंत चालत जायचं. एका अंगाला काळी रेती, समोर भाट्याची खाडी, आणि मचवे कसलाही आवाज न करता आत येताहेत. कावळे चोच उघडतात, आवाज नाही. लाट फुटते, आवाज नाही. माणसं दिसायची, पण पाण्याखालून पाहावीत तशी, आपल्याकडे काहीही न मागणारी.

माणसांना मात्र राही तशी दिसत नव्हती. तिच्या कानांवरची रुपेरी अक्षरं त्यांना लांबून वाचता येत होती. त्या काळी कानाला काहीतरी लावून हिंडणारी मुलं कॉलेजच्या आवारात एखाददुसरी दिसायची, पण त्यांच्या कानांवर तारेला चिकटवलेले स्पंजाचे दोन गोळे असत. सोराटोनची गोष्टच वेगळी होती. कुणी म्हणालं, ही कंपनी वैमानिकांसाठी बनवते. कुणी म्हणालं, विलायतेत अशा वस्तूसाठी नंबर लावावा लागतो. बँकेतला जो कारकून राहीला खिडकीपाशी ताटकळत ठेवायचा, तो आता उठून खुर्ची देऊ लागला. बंदरावरच्या गोदा कोळणीशी तर राहीनं घासाघीस करणंच सोडलं होतं. गोदा भाव सांगायची, राही ऐकू येत नसल्यामुळे शांतपणे पुढे चालू लागायची, आणि गोदा आपण होऊन भाव उतरवत मागून यायची. "हिच्यासंगट भाव करणं म्हंजे भिंतीसंगट भाव करणं," असं गोदा इतरांना सांगायची, पण त्यात थोडा आदर होता.

लोक थांबवून बोलायचे, तेव्हा राही हेडफोन काढत नसे. दिवसभर तिच्या कानात लोक बोलतच असत. ती हसायची आणि मान हलवायची. मान हलवली की माणूस समाधानानं पुढे जातो, हे तिच्या लक्षात आलं होतं. ते समाधान कशाचं असतं, याचा तिनं कधी विचार केला नव्हता. आता म्हशीकडे बघत ती तो विचार करू लागली, आणि गेल्या दोन महिन्यांत आपण कुणाकुणापुढे मान हलवली असेल, हे एकेक करून आठवू लागली.

सखारामला खरं सांगून म्हैस परत पाठवावी, असं ठरवून ती पातळ बदलून निघाली. कुंपणापर्यंत पोचते तोच वाचनालयाचा शिपाई एक पत्रक हातात देऊन गेला. वाचनालयाच्या महिला शाखेतर्फे येत्या शनिवारी व्याख्यान. विषय, 'पाश्चात्त्य संगीत : एक रसग्रहण.' वक्त्या, कुमारी राही नागवेकर.

महिला शाखेच्या अध्यक्ष यमुनाबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. राही त्यांच्याच शाळेत शिकलेली, त्यामुळे त्यांच्यासमोर उभी राहिली की तिचे हात अजूनही आपोआप मागे जात. राही तशीच त्यांच्या घरी गेली, तर यमुनाबाईंनी तिला बसवलं, वडी दिली आणि आनंदानं सांगितलं, की बंदरावर आपण तिला विचारलं तेव्हा ती नको म्हणेल असं वाटलं होतं, पण तिनं एकदा सोडून दोनदा मान हलवली. त्या विनयानं आपण भारावून गेलो. पत्रकं थेट मिरजोळ्याच्या कारखान्यांपर्यंत गेली आहेत. एक्स्चेंजच्या साहेबांनाही बोलावलं आहे.

"बाई, मला त्यातलं काही कळत नाही," राही म्हणाली.

"कळत नाही म्हणणाराच खरा रसिक असतो," यमुनाबाई म्हणाल्या. "आणि येताना ते तुझं यंत्र घेऊन ये. टेबलावर ठेवू. लोकांना बघायचंय."

नकार द्यायचा, तर मला तुमचं बोलणं ऐकूच आलं नव्हतं, असं म्हणावं लागणार. मग, एवढं काय ऐकत होतीस, असा प्रश्न येणार. आणि त्याचं उत्तर पर्समध्ये होतं. वायरच्या त्या टोकाला एक रुमाल, किल्ल्यांचा जुडगा आणि खोकल्याच्या गोळ्या होत्या. राहीनं वडी संपवली आणि घरी परतली. वाटेत सखाराम भेटला. त्यानं हात जोडून तिचे उपकार मानले, तेव्हा तिनं म्हशीचाही विषय काढला नाही.

घरी ओट्यावर एक बाई बसल्या होत्या. समोर पितळी तबक, तबकात नारळ आणि खण. येसूबाईनं ठेवणीतलं पातळ नेसलं होतं आणि तिच्या तोंडावर असा काही उजेड होता, की राही पायरीवरच थबकली. बाईंनी आपली ओळख करून दिली. त्या चंपाताई, राजिवड्याकडच्या. शिवलकर साउंड सर्व्हिसचा महिपत शिवलकर हा त्यांचा धाकटा भाऊ.

"महिपत बोलला, तुम्ही होय म्हणालात," चंपाताई म्हणाल्या. "मी म्हटलं, तोंडानं म्हणाल्या? तर बोलला, तोंडानं नाय, मानेनं. त्याचा शब्द खोटा नसतो हो. पण आयुष्यात पहिल्यांदाच असलं काय सांगितलान, म्हणून म्हटलं आपण जाऊन यावं."

राही जाऊन आईशेजारी बसली. महिपत शिवलकरला ती ओळखत होती. लग्नाचे आणि सभांचे भोंगे तो लावायचा, रेडिओ दुरुस्त करायचा, आणि परदेशी कंपन्यांची चित्रांची पुस्तकं मागवून दुकानात काचेखाली ठेवायचा. हेडफोन तिच्या हातात असताना त्यानंच एकदा रस्त्यात अदबीनं थांबून 'सोराटोन' हे नाव मोठ्यानं वाचलं होतं, देवळात नाव घ्यावं तसं. पण राहीची त्याची खरी ओळख बोर्डावरची होती. सामानासाठी तो मुंबईचा कॉल लावायचा. बाकीचे सगळे अर्जंट, लवकर द्या, किती वेळ, म्हणून जीव घ्यायचे. महिपत म्हणायचा, "सावकाश द्या, मला घाई नाही." साऱ्या गावात असं म्हणणारा तो एकच माणूस होता.

आणि आता तिला ती संध्याकाळ आठवली. धक्क्याच्या टोकाला ती उभी होती, सूर्य पाण्याला टेकला होता. महिपत सायकल घेऊन आला, सायकल कठड्याला टेकवून तिच्यापासून चार हात लांब उभा राहिला, आणि समुद्राकडे तोंड करून बराच वेळ काहीतरी बोलला. सोराटोनबद्दल असेल, असं तिला वाटलं. त्याचा चेहरा उन्हानं तांबूस दिसत होता. तो बोलायचा थांबला आणि त्यानं वळून पाहिलं, तेव्हा ती हसली, तिनं मान हलवली. त्यावर तो एकदम मागे सरला आणि तरातरा निघून गेला. सायकल तिथंच राहिली.

चंपाताई गेल्यावर येसूबाई नारळ देवापुढे ठेवून आली. "तू मला सांगितलंसुद्धा नायस," ती म्हणाली, पण त्यात राग नव्हता. गेल्या कित्येक वर्षांत आईचा असा आवाज राहीनं ऐकला नव्हता. तिला म्हणायचं होतं, की आई, ही चूक आहे, आपण नारळ परत करू. पण खरं सांगायचं तर तिच्या मनात दुसरंच काहीतरी खुपत होतं. एवढ्या वर्षांत लोकांची किती बोलणी या कानांतून गेली. रुसवे, निरोप, बाळंतपणं, बाजारभाव. आणि एक माणूस फक्त तिच्यासाठी काही बोलला, समुद्रापुढे उभा राहून, इतका वेळ बोलला, आणि तेवढंच नेमकं तिनं ऐकलं नाही. तो काय म्हणाला असेल, ते त्याच्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. रात्री अंथरुणावर पडून ती त्याचे ओठ आठवत राहिली, पण ओठ उन्हात होते आणि शब्द दिसत नव्हते.

शनिवारी वाचनालयाचं सभागृह भरलं. व्यासपीठावर टेबल, टेबलावर विणलेला रुमाल, आणि रुमालावर फुलदाणीच्या शेजारी सोराटोन, रुपेरी अक्षरं श्रोत्यांकडे केलेली. पुढच्या रांगेत येसूबाई होती, एक्स्चेंजचे साहेब होते, बँकेतला कारकून होता, कॉलेजची मुलं मागे उभी होती. शेवटच्या बाकावर सखाराम धुतलेला सदरा घालून बसला होता, कारण ज्या बाईनं आपली म्हैस ठेवून घेतली तिचं भाषण चुकवणं त्याला बरं वाटेना. आणि कोपऱ्यात, अँप्लिफायरमागे, खाली मान घालून महिपत बसला होता. लाउडस्पीकर त्याचाच होता.

राहीनं शाळकरी मुलांच्या एका ज्ञानकोशातून पियानोबद्दल काही वाक्यं पाठ करून आणली होती. ती उभी राहिली, तिनं माइक धरला, आणि पहिलं वाक्य सुरू करणार तोच बँकेतला कारकून अदबीनं उठला. व्याख्यानाआधी एकच शंका विचारू का, म्हणाला. त्याच्या मेव्हण्याकडे मुंबईला दुसऱ्या कंपनीचे हेडफोन आहेत. तर सोराटोनमधून येणारा आवाज नेमका वेगळा कसा असतो, ते बाईंनी सांगावं.

राहीनं हेडफोनकडे पाहिलं. मग आईकडे. मग तिला पियानोचं एकही वाक्य आठवेना.

"यातून मला काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली.

सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी हे अध्यात्म समजून डोळे मिटले आणि मान डोलावली. तेव्हा राहीनं वायर उचलली, तिचं मोकळं टोक वर धरून सगळ्यांना दाखवलं, आणि सांगितलं, की हा प्लग आजवर कशालाच लावलेला नाही. तो पर्समध्ये असतो.

आता कुजबुज थांबली. राहीला वाटलं होतं, की इथं आपण रडू. पण तसं काही झालं नाही. ती बोर्डावर बोलायची तशी सरळ, न थांबता बोलू लागली. दिवसभर कानात गाव वाहत असतं, ती म्हणाली. कुणाला मुलगा झाला, ते मी ऐकते. कुणाचे वडील गेले, ते त्याच्या घरच्यांआधी मला कळतं. मला वाईट वाटेपर्यंत पुढची लाइन लागलेली असते. संध्याकाळी हे घातलं की कुणीच नसतं. विहिरीच्या तळाशी गेल्यासारखं होतं. मी गाणं ऐकत नव्हते. कुणी काही म्हणत होतं, तेही ऐकत नव्हते, नुसती मान हलवत होते. त्याबद्दल ज्यांना ज्यांना माझ्यामुळे त्रास झाला, त्यांची माफी मागते.

शेवटच्या बाकावरून सखाराम उभा राहिला. "राहीबाय," तो काळजीनं म्हणाला, "म्हंजे माझं पण ऐकू नाय आलं काय? म्हैस न्यायची काय मग?"

सभागृह हसून कोसळलं. राहीलाही हसू आवरेना. "म्हैस राहू दे, सखारामदादा," ती म्हणाली. "तिचा काही त्रास नाही. ती काही विचारत नाही."

त्या हशातच लाउडस्पीकरनं अशी काही किंकाळी फोडली, की लोकांनी कान झाकले. महिपतचा हात भलत्याच बटणावर गेला होता. त्यानं घाईघाईनं आवाज बंद केला, पण त्याचा चेहरा राहीला दिसला. तिची माफी त्याच्यापर्यंत पोचली होती आणि तिचा अर्थही.

यमुनाबाईंनी परिस्थिती हातात घेतली. वक्त्यांनी विषय सोडून भाषण केलं असलं तरी प्रामाणिकपणे केलं, असं त्या म्हणाल्या, आणि नेमकं काय होतं ते तपासण्यासाठी म्हणून त्यांनी सोराटोन स्वतःच्या कानांवर चढवले. लोक बघत होते. यमुनाबाईंचं कपाळ हळूहळू सैल झालं. त्यांनी डोळे मिटले. आभारासाठी त्यांचं नाव दोनदा पुकारलं गेलं, तेव्हा त्या फक्त हसल्या आणि त्यांनी मान हलवली. शेवटी आभार साहेबांनी मानले. पुढे बराच वेळ महिला शाखेच्या बायका टेबलापाशी गर्दी करून उभ्या होत्या, आणि कानावरून काढायला कुणी तयार होत नव्हतं. त्यातल्या एकीनं तर हे मंगळवारी घरी न्यायला मिळेल का, असं विचारलं. मंगळवारी तिच्या नणंदा येणार होत्या.

राही मागच्या व्हरांड्यात गेली. महिपत वायर गुंडाळत होता. ती आली तसा तो जास्तच मन लावून गुंडाळू लागला.

"त्या दिवशी तुम्ही काय म्हणालात?" राहीनं विचारलं.

"ते राहू दे आता," तो म्हणाला. "ताई उद्या येऊन नारळ घेऊन जाईल. चूक माझीच. तुमची वायर पर्समध्ये जाते, ते मला पहिल्या आठवड्यातच दिसलं होतं. चेन उघडी राहून प्लग बाहेर लोंबत होता. आणि असल्या गादीतून बाहेरचा आवाज आत जात नाही, हे मला ठाऊक होतं."

"मग मला ऐकू येत नाही, हे माहीत असून बोललात?"

"माहीत होतं म्हणूनच तर बोललो." त्यानं वायरचा एक वेढा सोडला आणि परत घातला. "ऐकू गेलं असतं, तर धीर झाला असता होय? एकदा मोठ्यानं बोलून टाकावं, एवढंच मनात होतं. तर तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, फट राहिली असेल कुठंतरी. गेलं असेल आत."

आत बायका हसत होत्या. राहीनं त्याला सांगितलं, की नारळ इतक्यात नेऊ नका. तेच पुन्हा एकदा म्हणा, आता मी ऐकते आहे. महिपतनं वायर खाली ठेवली. तो सरळ उभा राहिला, त्यानं तोंड उघडलं, दोनदा घसा साफ केला, आणि मग त्याचे खांदे पडले.

"समोर नाही जमायचं," तो म्हणाला.

"मग कसं जमेल?"

तो भोंगा खांद्यावर घेऊन निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी कळलं, की दुकानाला कुलूप आहे, महिपत सामान आणायला कोल्हापूरला गेला. चंपाताई काही नारळ न्यायला आल्या नाहीत. येसूबाई रोज देवाला फूल वाहताना नारळ इकडचा तिकडे सरकवायची आणि काही विचारायची नाही. हेडफोन यमुनाबाईंकडेच होते. राहीनं ते मागितले नाहीत. संध्याकाळी ती उघड्या कानांनी बंदरावर जायची आणि कठड्याशी उभी राहायची. समुद्राला आवाज असतो, हे ती जवळजवळ विसरली होती.

बुधवारी दुपारी बोर्डावर कोल्हापूरचा दिवा लागला. राहीनं कॉर्ड लावली.

"हॅलो रत्नागिरी, कोल्हापूर बोलतंय," पलीकडची ऑपरेटर म्हणाली. "पीपी कॉल आहे. नावानं मागितलाय. राही नागवेकर."

राहीचा हात कॉर्डवरच राहिला. ट्रंक बोर्डावर इतकी वर्षं काढली, पण तिच्या नावानं कॉल असा कधी आलाच नव्हता. "बोलतेय," ती म्हणाली. "द्या."

लाइन जोडली गेली. आधी नुसती खरखर आली, मग त्यातून एका पोस्टाच्या खोलीचा आवाज, कुणीतरी शिक्का मारत होतं, रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"हॅलो," महिपत म्हणाला.

"हॅलो. ऐकते आहे मी."

आणि मग काहीच नाही. तो श्वास घेत होता, ते ऐकू येत होतं. शब्द ओठांपर्यंत येऊन परत फिरत होते, तेही जवळजवळ ऐकू येत होतं. शेजारच्या बोर्डावरची सहकारीण राहीकडे वळून बघू लागली. राहीच्या बोर्डावर आणखी दोन दिवे लागले, सावंतवाडी आणि पुणे, आणि तिनं ते तसेच राहू दिले. मध्ये कुठं तरी घाटातल्या तारांवरून वारा जात असावा, कारण लाइनीवर एक बारीक लांबलचक सूर होता. राहीनं डोळे मिटले. दोन्ही हातांनी तिनं कानावरचं यंत्र घट्ट दाबून धरलं, त्यातलं काही सांडू नये म्हणून.

"रत्नागिरी, तीन मिनिटं झाली," कोल्हापूरची ऑपरेटर मध्ये आली. "पार्टी एक शब्द बोलत नाहीये. कट करू?"

"नको," राही म्हणाली. "वाढवा."